गाठी नव्हेत, अडलेल्या पुटिका

वेल्ह्याहून मार्गासनी, नसरापूर करत किंवा भोरहून कापूरहोळमार्गे पुण्याला सोनोग्राफीसाठी आलेल्या मुलीच्या हातात संध्याकाळी एक कागद पडतो. त्यावर इंग्रजीत दोन ओळी असतात. घरी पोहोचेपर्यंत त्या दोन ओळींचे मराठीत एकच वाक्य झालेले असते, ‘पोरीच्या अंडाशयात गाठी आहेत’. मग पुढचे सगळे त्या ‘गाठी’ शब्दावर चालते. गाठ म्हटली की कॅन्सर आठवतो, ऑपरेशन आठवते, आणि मुलगी लग्नाच्या वयाची असेल तर ‘मूल होईल ना?’ हा प्रश्न आईच्या तोंडून नाही तरी डोळ्यांतून बाहेर पडतोच.

पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, या विकाराबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक लेखन काय खावे, काय टाळावे यावर असते. अंडाशयाच्या आत नेमके काय बिघडते, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. ते समजले की ‘गाठ’ हा शब्द किती चुकीचा आहे ते आपोआप कळते. आणि ते समजायला सर्वांत जास्त मदत केली आहे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांनी.

आधी निरोगी अंडाशय पाहू. त्यात बीजांडे सुटी पडलेली नसतात. प्रत्येक बीजांड पेशींच्या एका सूक्ष्म पिशवीत असते. तिला फॉलिकल म्हणतात, आपण पुटिका म्हणू. दर महिन्याला अशा काही पुटिका वाढीला लागतात, त्यातली साधारण एक पुढे जाते, वीस मिलिमीटरच्या आसपास पोहोचते आणि फुटून बीज बाहेर टाकते. बाकीच्या मागे पडून विरून जातात. पुटिकेच्या भिंतीला दोन थर असतात. बाहेरचा थर थीका, आतला ग्रॅन्युलोसा. इस्ट्रोजेन हे स्त्रीचे प्रमुख संप्रेरक या भिंतीत तयार होते, पण दोन्हींपैकी कोणताही एक थर ते एकट्याने पुरेसे बनवू शकत नाही.

हे सिद्ध कसे झाले, ती गोष्ट मला फार आवडते. स्वीडनमधील लुंड येथे बेंग्ट फाल्क नावाच्या संशोधकाने 1959 मध्ये उंदराच्या अंडाशयाचे अतिसूक्ष्म तुकडे वेगळे केले आणि ते दुसऱ्या उंदराच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रोवले. डोळ्यात का? तिथे रोवलेले ऊतक तग धरते. शेजारी त्याने योनीच्या अस्तराचा छोटा तुकडाही लावला. इस्ट्रोजेन मिळाले की हे अस्तर जाड आणि शिंगासारखे कडक होते, म्हणजे तो तुकडा झाला इस्ट्रोजेन ओळखणारा पहारेकरी. ग्रॅन्युलोसाच्या पेशी एकट्या लावल्या, पहारेकरी हलला नाही. थीका एकटी लावली, तरी नाही. दोन्ही एकत्र लावल्या तेव्हा अस्तर बदलले. इस्ट्रोजेन ही भागीदारीची वस्तू आहे, हे एका उंदराच्या डोळ्यात दिसले.

भोर-वेल्ह्याच्या माणसाला ही भागीदारी समजावायला भातासारखे दुसरे उदाहरण नाही. थीका म्हणजे खाचर. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाचे संप्रेरक येते, त्याच्या हुकमावर थीका कोलेस्टेरॉलपासून अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी समजली जाणारी संप्रेरके, पिकवते. हे झाले भात. ग्रॅन्युलोसा म्हणजे भातगिरणी. पिट्युटरीतूनच येणाऱ्या एफएसएच या दुसऱ्या संप्रेरकाच्या हुकमावर ती चालते, आणि अ‍ॅरोमॅटेज नावाच्या विकराच्या म्हणजे एन्झाइमच्या मदतीने त्या भाताचा तांदूळ, म्हणजे इस्ट्रोजेन, करते. ‘पुरुषी’ संप्रेरक स्त्रीच्या शरीरात असणे हा बिघाड नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. भाताशिवाय तांदूळ कुठून येणार?

पीसीओएसमध्ये बिघडते ते या दोघांमधले गणित. थीका गरजेपेक्षा जास्त पिकवू लागते. एलएचचा मारा वाढलेला असतो, आणि बऱ्याच जणींच्या रक्तात इन्सुलिनही वाढलेले असते. इन्सुलिन म्हणजे साखरेचे संप्रेरक एवढेच आपण शिकलेलो असतो, पण थीकासाठी ते खतासारखे असते. एलएचबरोबर इन्सुलिनही आले की अँड्रोजेनचे पीक आणखी जोमात येते. शिवाय जास्तीचे इन्सुलिन यकृतावर काम करून, रक्तात अँड्रोजेनला बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते. म्हणजे पीकही जास्त आणि त्यातले मोकाट फिरणारेही जास्त. त्यातून चेहऱ्यावर राठ लव येते, मुरुमे हटत नाहीत, काहींचे डोक्यावरचे केस विरळ होतात.

दरम्यान गिरणी नीट चालत नाही. पुटिका पाच-आठ मिलिमीटरपर्यंत वाढतात आणि तिथेच थबकतात. एकही पुढे जाऊन फुटत नाही. या छोट्या पुटिका एएमएच नावाचे आणखी एक संप्रेरक सोडतात. त्याने एफएसएचचा प्रभाव कमी होतो आणि थांबलेल्या पुटिका थांबलेल्याच राहतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर अंडाशयाच्या कडेने मोत्यांच्या माळेसारखे जे काळे ठिपके दिसतात, ते हेच. या गाठी नाहीत. वाटेत अडलेल्या पुटिका आहेत, आणि प्रत्येकीत एक बीजांड आहे.

नावाचा हा घोटाळा जुना आहे. शिकागोच्या अर्विंग स्टाइन आणि मायकल लेव्हन्थल या डॉक्टरांनी 1935 मध्ये सात स्त्रियांचे वर्णन केले. पाळी नाही, अंडाशये मोठी आणि आत बरेच ‘सिस्ट’. त्यांनी अंडाशयाची पाचरीसारखी एक फोड कापून काढली आणि पाळी परत आली. अंडाशयाच्या जाड आवरणामुळे बीज बाहेर पडत नसावे असे त्यांना वाटले. आज त्या यशाचे कारण वेगळे सांगितले जाते. फोडीबरोबर अँड्रोजेन पिकवणारा भागही कमी झाला होता. खाचराचाच एक तुकडा गेला म्हणा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने 2012 च्या कार्यशाळेनंतर हे नाव दिशाभूल करणारे असल्याने बदलावे, अशी शिफारसही केली होती.

आता उंदरांकडे. भाताच्या खाचरांच्या बांधाला बिळे करणाऱ्या आपल्या उंदीर-घुशींशी यांचा संबंध दूरचा आहे. हे पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढवलेले विस्टार किंवा स्प्रेग-डॉली जातीचे पांढरे उंदीर. त्यांना पीसीओएस आपोआप होत नाही, तो घडवावा लागतो. सर्वांत जास्त वापरली जाणारी एक पद्धत तुर्कस्तानातील संशोधकांनी 2004 मध्ये मांडली. मादी उंदरांना रोज, सलग 21 दिवस, लेट्रोझोल नावाचे औषध तोंडावाटे द्यायचे. लेट्रोझोल अ‍ॅरोमॅटेजला रोखते. म्हणजे गिरणीची वीजच तोडली. भाताची पोती दारात साचत जातात, तांदूळ बाहेर येत नाही. रक्तात अँड्रोजेन चढते, इस्ट्रोजेन उतरते. इस्ट्रोजेन कमी झाल्याचे पाहून मेंदू एलएच वाढवतो, आणि एलएच वाढले की थीका आणखी पिकवते. सूक्ष्मदर्शकाखाली या उंदरांच्या अंडाशयात फुगलेल्या पुटिका दिसतात, आतला ग्रॅन्युलोसाचा थर झिजून पातळ झालेला, बाहेरचा थीकाचा थर जाड झालेला. बीज बाहेर पडल्यावर मागे राहणारे पिवळसर पिंड जवळजवळ नसतातच. उंदराचे चक्र चार-पाच दिवसांचे असते, योनीतील पेशी रोज काचपट्टीवर पाहून ते कळते. ते चक्र ठप्प होते.

चित्र पीसीओएसच्या रुग्णाशी इतके जुळते की फसायला होते. पण एक फरक विसरून चालत नाही. उंदरात आपण गिरणी बळजबरीने बंद केली, म्हणून भात साचला. स्त्रीमध्ये सुरुवात बहुधा खाचरातून होते. पेन्सिल्व्हेनियातील जॅन मॅकअ‍ॅलिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या थीका पेशी काचपात्रात वाढवल्या. शरीरापासून, एलएचपासून, इन्सुलिनपासून दूर, पेशींच्या अनेक पिढ्या गेल्यावरही त्या पेशी इतर स्त्रियांच्या पेशींपेक्षा जास्त अँड्रोजेन बनवत राहिल्या. म्हणजे काही भाग त्या पेशींच्या स्वभावातच असतो. हा विकार एकाच घरातल्या बहिणी-बहिणींत, मायलेकींत दिसतो, त्याच्याशी हे जुळते. ‘मोबाइलमुळे झाले’, ‘बाहेरचे खाल्ल्याने झाले’ असे म्हणून मुलीला जबाबदार धरणाऱ्या घरांनी हे जरूर वाचावे.

स्वीडनमधील गोथेनबर्गच्या गटाने 2007 मध्ये दोन प्रकारचे उंदीर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एका गटाला वयात येण्याआधीपासून लेट्रोझोल, दुसऱ्याला डीएचटी हे तीव्र अँड्रोजेन. लेट्रोझोलच्या उंदरांची अंडाशये रुग्णांच्या अंडाशयांशी विलक्षण जुळणारी निघाली. डीएचटीच्या उंदरांत अंडाशयातल्या बदलांबरोबर पोटाची चरबी वाढली आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले. म्हणजे इन्सुलिन अँड्रोजेन वाढवते, तसे अँड्रोजेनही इन्सुलिनचे काम बिघडवू शकते. रहाटगाडग्यासारखे हे एकमेकांना फिरवत राहतात. कोणते चाक आधी फिरले, हे प्रत्येक रुग्णात वेगळे असू शकते.

लेट्रोझोलची गोष्ट मात्र इथे संपत नाही. ज्या औषधाने उंदराला हा विकार होतो, तेच औषध पीसीओएस असलेल्या स्त्रीला मूल व्हावे म्हणून दिले जाते! अमेरिकेत 750 स्त्रियांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के स्त्रियांना मूल झाले. क्लोमिफीन हे जुने औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण 19.1 टक्के होते. कोडे वाटावे असे आहे, पण उत्तर दिवसांत आहे. उंदराला ते सलग तीन आठवडे देतात, स्त्रीला पाळीच्या सुरुवातीचे फक्त पाच दिवस. पाच दिवस गिरणी मंदावली की इस्ट्रोजेन खाली जाते, मेंदू दचकून एफएसएच वाढवतो, एखादी अडलेली पुटिका त्या धक्क्याने पुढे सरकते. तोवर औषध शरीरातून उतरू लागते, गिरणी पुन्हा सुरू होते आणि पुटिका पिकून फुटते. आपल्याकडे 2011 मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली होती, ती पुढे उठवण्यात आली. आज पीसीओएसमध्ये बीज सुटण्यासाठी हे पहिल्या पसंतीचे औषध मानले जाते. अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणायचे हे औषध नव्हे.

उंदरांवरच्या प्रयोगांचा एक उपद्रवही झाला आहे. ‘पीसीओडीवर रामबाण, शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध’ अशा जाहिरातींमागे पुष्कळदा हेच लेट्रोझोलचे उंदीर असतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात लेट्रोझोल दिलेल्या उंदरांना कोरफडीचा गर देऊन पाहिला, त्यांची चक्रे आणि संप्रेरके सुधारली, 2010 मध्ये ते प्रसिद्ध झाले. प्रयोग प्रामाणिक होता. पण त्यावरून कोरफडीचा रस पिऊन भोरच्या मुलीची पाळी नियमित होईल, असे म्हणता येत नाही. उंदराला पाळीच येत नाही. एका वेळी त्याच्या अंडाशयातून दहा-बारा बीजे सुटतात. त्याचा विकार आपण औषध देऊन घडवलेला असतो आणि औषध थांबवले की तो ओसरूही शकतो. उंदीर बिघाडाची यंत्रणा दाखवतो. स्त्रीवर उपाय चालतो का, हे स्त्रियांवरच्या चाचणीतच ठरते. रानात शतावरी, कोरफड विपुल आहे म्हणून त्याची बाटली विकणाऱ्याला एवढा एकच प्रश्न विचारावा, चाचणी कुणावर केली?

हा शहरी, लठ्ठ मुलींचा विकार आहे, असा आपल्याकडे घट्ट समज आहे. वेल्हे तालुक्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणायचे, चढ-उतार करत शाळेला जाणाऱ्या काटक मुलीला तो कसा होईल? मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी केली, ती 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. पीसीओएस आढळलेल्या मुलींपैकी 71.8 टक्के स्थूल नव्हत्या. दहातल्या सात!

याचे एक स्पष्टीकरण पुण्यातच सापडले आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळे किरकोळ, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून असलेली. याज्ञिकांनी याला ‘बारीक पण चरबीयुक्त’ बाळ म्हटले. पुढे त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन या सहकाऱ्याचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या अंगातही इन्सुलिन बिघडलेले असू शकते, आणि इन्सुलिन बिघडले तर थीकाला खत मिळत राहते. ते अभ्यास पीसीओएसचे नव्हते, दोन्हींना जोडणारा हा दुवा माझा आहे. पण शरीरविज्ञानाच्या दृष्टीने तो ओढूनताणून आणलेला नाही.

इन्सुलिनच्या बिघाडाची एक खूण आईला घरी दिसू शकते. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा काळपट जाडसर पट्टा. गावोगावी आया तो मळ समजून लिंबाने, घासणीने खसाखसा घासतात आणि मुलगी आंघोळ नीट करत नाही म्हणून बोलतात. तो मळ नसतो. तो दिसला तर मुलीच्या रक्तातली साखर तपासून घ्यावी.

किती जणींना हा विकार आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत 18 ते 40 वयाच्या सुमारे दहा हजार स्त्रिया होत्या. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे आकडे पाहा. एका निकषाने 7.2 टक्के, दुसऱ्याने 13.6 टक्के, तिसऱ्याने 19.6 टक्के. स्त्रिया त्याच, फरक निकषांचा. सर्वांत मोठा आकडा देणाऱ्या निकषात सोनोग्राफीतल्या ठिपक्यांना वजन आहे. कागदावर ‘पीसीओ’ लिहून आले म्हणजे विकार झाला असे नाही, ते इथे समजते. तीनपैकी दोन गोष्टी लागतात, अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणे किंवा तपासणी, आणि अंडाशयाचे तसे चित्र.

किशोरवयीन मुलींसाठी तर नियम आणखी कडक आहे, आणि तोच सर्वांत कमी पाळला जातो. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. कारण या वयात निरोगी अंडाशयातही खूप पुटिका असतात. एएमएचची रक्ततपासणीही या वयात निदानाला चालत नाही. म्हणजे तेराव्या वर्षी पाळी आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये ठिपके दिसले, तर ते वयाचे ठिपके असण्याची शक्यता मोठी. तिच्या बाबतीत दोन्ही गोष्टी हव्यात, पाळीची ठळक अनियमितता आणि अँड्रोजेन वाढल्याची लक्षणे.

अनियमितता कशाला म्हणायचे, तेही वयावर आहे. पहिल्या वर्षी पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. एक ते तीन वर्षांत 21 दिवसांच्या आत किंवा 45 दिवसांनंतर येत राहिली तर लक्ष द्यावे. तीन वर्षांनंतर ही वरची मर्यादा 35 दिवस. पहिल्या वर्षानंतर कधीही 90 दिवस पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण झाली तरी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. त्यासाठी लगेच पुण्याला धावण्याची गरज नाही. कालनिर्णयवर तारखांना खुणा करून ते पान तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवले तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या दोन तपासण्या आधी करून घ्याव्यात, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी चुकते आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत.

निदान झालेच तर उपचार त्या रहाटगाडग्याचे कुठले तरी चाक अडवतात. चालणे, व्यायाम, वजन जास्त असेल तर ते थोडे उतरवणे आणि मेटफॉर्मिन, हे इन्सुलिनचे चाक. पाळीच्या गोळ्या एलएच दाबतात, थीकाचे पीक कमी करतात आणि गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण करतात. हे रक्षण महत्त्वाचे, कारण महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर अस्तर जाड होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, ही भीती निराधार आहे.

आणि लग्नाच्या बैठकीत उठणारा तो प्रश्न. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना मूल होते, काहींना औषधाविना, काहींना त्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी. दिवस राहिल्यावर मात्र साखरेची तपासणी लवकर करावी, कारण गरोदरपणातला मधुमेह या स्त्रियांत जास्त आढळतो. पहिल्याच भेटीत आशाताईंना आणि डॉक्टरांना जुना रिपोर्ट दाखवावा. तो लपवून ठेवलेला असतो म्हणून राहून जाते.